ठचं पोट

इतवारीतल्या दुकानात तीन कटर मांडून ठेवलेले.
एक दोन फुटी, स्टँडवर उभा, नवऱ्या मुलासारखा,
एक टेबलावरचा, पाटाएवढा,
आणि एक जुना, ब्रह्मपुरीच्या कोणाच्या तरी बंद पडलेल्या दुकानातून आलेला,
बाजूला ‘शुभविव’ एवढंच चिकटून राहिलेलं.

काम काय ताई तुमचं? दुकानदारानं विचारलं.
पोती, म्हटलं.
लाखांदूरकडच्या चार राईस मिली, चौघींचे छाप वेगळे.
शिवाय विजेच्या खांबांचे आकडे, शाळेच्या भिंती,
पंचायतीच्या हातपंपांचे नंबर.
मग मोठाच घ्या.

मी पिशवीतून माझी शीट काढली,
जाड, दुधी, नखानं वाजणारी.
ही कापा. स्टिकर नको.
मोठ्यानं तिच्यावर नुसता ओरखडा काढला,
मांजरीनं दार उघडा म्हणून काढावा तसा.
दाब किती याचा?
तीनशे पन्नास ग्रॅम.

आमच्या बाबांच्या हातोडीचे ग्रॅम कोणी मोजले नाहीत.
तेलाचा पिपा उभा चिरायचे, बाभळीच्या ठोकळ्यावर सपाट करायचे,
आणि छन्नी धरून तोंडातल्या तोंडात
ज्याचं आडनाव कापायचं त्याच्याशी भांडत राहायचे.
मी सात वर्षांची असेन.
“ठच्या पोटाले जीव ठेवजो बाई,
नाई तं पोट गयते.”
जीव म्हणजे पत्र्याची बारीक पट्टी,
तणसाच्या काडीएवढी,
आतलं बाहेरच्याला धरून राहावं म्हणून न कापलेली.
वला एक. बला दोन. ठला दोन, समोरासमोर.
ही बाराखडी शाळेत नव्हती.

टेबलावरच्याचा दाब पाचशे.
दुकानातला शादाब WELCOME लिहायला निघाला,
मी म्हटलं, ठवरे लिही. ठवरे राईस मिल, २५ किलो.
पातं फिरलं. आरपार गेलं, खरंच गेलं,
कडा अशा की बाबांना दाखवाव्यात.
मग शादाबनं शीट उचलली
आणि शिरोरेषेला धरून अख्खे ठवरे
एका झटक्यात निघून आले,
ठचं पोट फरशीवर, वचं पोट माझ्या चपलेवर.

मशीन वाईट नव्हतं.
त्याला रेघ दिसते. पोट दिसत नाही.

सरक जरा, मी शादाबला म्हटलं.
माउस हातात नीट बसेना, चहा आला, निवला,
मी शिरोरेषा तीन ठिकाणी तोडली,
ठला दोन जीव दिले, वला एक, र तसाच.
अक्षर तोडताय कशाला, दीदी?
पोती भरल्यावर सांगते.

मग बाकीचं विचारलं.
लाइन गेली तर इन्व्हर्टरवर चालेल का,
आमच्याकडे तिनाला जाते, दिवे लावायच्या वेळेला येते.
मे महिन्यात पत्र्याखाली शीट वाकडी होते, तिला ओढेल का.
पातं मोडलं तर?
नागपूरलाच यावं लागेल.
म्हणजे एका पात्यामागे एक अख्खा दिवस आणि दोन तिकिटं.
पाच पाती जास्तीची द्या, म्हटलं, आणि स्टँड राहू द्या,
टेबल आहे घरी, बाबांचंच, छन्नीनं कोरलेलं.

जुन्याकडे जाताना एकदा पाहिलं.
‘शुभविव’.
वला जीव नव्हता. स्टिकरला लागत नाही.

एसटीत खोका मांडीवर.
कंडक्टर म्हणाला, याचं अर्ध तिकीट पडते.
का आहे आत?
पेंटर, मी म्हटलं. तो हसला, तिकीट मात्र फाडलंच.

बाबांनी खोका उघडू दिला नाही,
आधी पातं मागितलं.
तळहातावर ठेवलं, दिसेना, चष्मा आणला.
“येवढ्याशा दाण्यानं?”
कनकीपेक्षा मोठं नव्हतं.
उजेडाकडे धरून धार पाहिली, बराच वेळ,
मग म्हणाले, “पाजता येत नाई हे.”
नाही येत.
“मंग?”
मग टाकून द्यायचं.
ते काही बोलले नाहीत. पातं मात्र परत देईनात.

रात्री पहिली शीट कापली.
मशीनचा आवाज, कुरकुर, थांबणं, पुन्हा कुरकुर,
घुशीसारखा.
बाबा डोळे मिटून बोटानं चाचपत गेले,
ठपाशी थांबले,
एक. दोन.
वपाशी थांबले.
“लयच बारीक ठेवला.”

दुकानातल्या फरशीवरून उचललेली ती दोन पोटं
पर्समध्ये तिकिटाला चिकटून बसली होती.
एक पत्र्याच्या जुन्या छापावर लावलं, नीट बसेना.
दुसरं अजून सापडलं नाही.